हयातीचा दाखला

आमच्या घराच्या नावाने आलेल्या खोक्यात काळे तीळ होते. चांगले अर्धा किलो. त्याखाली दर्भाची जुडी, पांढरं कापड पाच वार, गाईच्या तुपाचा डबा आणि पत्रावळ्यांचा गठ्ठा. यातलं मी काही मागवलं नव्हतं. पण आमच्या देशात मागवून काही येतच नाही, न मागताच येतं, त्यामुळे त्याचं नवल नव्हतं. नवल याचं होतं की आमच्या घरात कुणी मेलेलं नव्हतं.

मी, विश्राम भिवाजी, मोरेल बेटांच्या सरकारी वखारीचा प्रमुख, त्या खोक्यासमोर बराच वेळ उकिडवा बसून राहिलो. कुणाचा तरी पत्ता चुकला असेल, असं म्हणून उठलो आणि थंड पेटी उघडायला गेलो. मला खरी घाई त्या पेटीची होती. माझी मुलगी केशिनी हिच्या औषधाच्या चार कुप्या दर बोटीला त्यातून येतात. मी पेटी उघडली. सतरा रुग्णांची औषधं होती, नावं चिकटवलेली, ओळीने लावलेली. केशिनीचं नाव नव्हतं. मी सगळ्या कुप्या बाहेर काढून पुन्हा आत ठेवल्या आणि पुन्हा बाहेर काढल्या. मग कुठे त्या तिळांचा अर्थ मला लागला.

तांतीनच्या हिशोबी माझी मुलगी मेलेली होती.

आता तांतीन कोण हे सांगायला हवं, आणि ते मीच सांगायला हवं, कारण तिला इथे आणणारा दीडशहाणा मीच.

मोरेल म्हणजे हिंदी महासागरातली चार बेटं आणि अकरा हजार माणसं. सगळ्यात जवळची जमीन दोन हजार किलोमीटरवर. विमान उतरेल एवढी सपाट जागा नाही. मालाची बोट चोवीस दिवसांनी एकदा येते आणि मुख्य भूमीच्या बंदरातून इथवर यायला तिला आठ दिवस लागतात. अशा देशात ऑनलाइन बाजार म्हणजे थट्टाच होती. वाढदिवसाला पोरीसाठी सायकल मागवावी, तर सायकल येईपर्यंत पोरीचे पाय लांब झालेले असायचे. सरकारने ई-बाजार विकास योजना काढली तेव्हा तिचा अधिकारी म्हणून मला नेमलं. मी बाहेर शिकून आलेला उत्साही माणूस. मी एका परदेशी कंपनीचं यंत्र घेऊन आलो.

यंत्रामागची कल्पना साधी होती. माणसाने मागणी करायची वाटच बघायची नाही. त्याला काय लागणार ते आधीच ओळखायचं आणि बोटीत भरायचं. घरात काय येतं, किती दिवसांत संपतं, पाणी किती जातं, वीज किती जळते, शाळेत कोण जातं, हे सगळं यंत्राला कळत राही. कचऱ्याच्या डब्यालासुद्धा वजनकाटा होता. आणलेलं पोटात गेलं की फेकलं गेलं, ते त्यावरून समजे. पण एक मोठी अडचण होती. असली यंत्रं कोट्यवधी माणसांच्या सवयींवर शिकतात. तिथे एकाचा लहरीपणा दुसऱ्याच्या लहरीपणात जिरून जातो आणि खाली राहतो तो नेम. आमच्या अकरा हजारांत एका घराची माहिती म्हणजे चिमूटभर. तेवढ्यावरून कसला नेम बसणार? म्हणून कंपनीच्या लोकांनी युक्ती काढली. एका घराचं कळत नसेल तर आजूबाजूच्या घरांवरून ओळखायचं. सगळी वाडी हे एकच मोठं घर धरायचं. पलीकडच्या घरातल्या फोडणीच्या वासावरून आपण नाही का ओळखत, की त्यांच्याकडे पाहुणे आलेत?

आणि ते चाललं! सायकल वाढदिवसाच्या आधीच्या बोटीने येऊ लागली. बाळंतपणाच्या आधी डिंक आला, परीक्षेच्या आधी वह्या आल्या. इथल्या मिश्रवंशी क्रिओल माणसांनी यंत्राला तांतीन म्हणायला सुरुवात केली. तांतीन म्हणजे मावशी, न सांगता पिशवीतून हवं ते काढणारी. पाच वर्षांत बेटांवरची दुकानं एकेक करून बंद पडली. शेवटचं बंद पडलं ते आमच्या वाडीतल्या सोनाबायचं. तिच्या दुकानात कुणीच न मागितलेल्या वस्तू धूळ खात पडलेल्या असायच्या. विचारलं तर म्हणायची, ‘ऱ्हवांदे पडान, कोणाक तरी लागतला.’ मी तिला समजावलं होतं, की सोनाबाय, पडून राहिलेला माल म्हणजे वाया गेलेला माल, तांतीन काही पडून ठेवत नाही. हे मी तिला मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं.

तिसऱ्या वर्षी वाडीतला हरिबा समुद्रात बुडाला. पुढच्या बोटीने त्याच्या बायकोला त्याच्या मापाचे बूट आले. ती ते बूट घेऊन वखारीत आली, माझ्या टेबलावर ठेवले आणि रडत बसली. मला ते बघवलं नाही. मी कंपनीला लिहिलं, की माणूस गेला की तांतीनने आपलं आपणच ओळखावं, त्याच्या नावाचं सगळं बंद करावं आणि तसं कळवूही नये. दुःखातल्या घराला वर आणखी सूचना कशाला? कंपनीला ते फार आवडलं. त्यांनी त्यात औषधंही घातली, कारण मेलेल्या रुग्णाची चिठ्ठी रद्द करायला डॉक्टर विसरतात आणि महागाची औषधं महिन्याभरात नासतात. मी दयेपोटी केलेली गोष्ट ती. मूर्खपणा दयेपोटी केला की लोक त्याला मूर्खपणा म्हणत नाहीत, एवढंच.

केशिनी सोळा वर्षांची आहे. तिचं शरीर तिच्याच रक्तातल्या तांबड्या पेशी फोडून टाकतं. आठवड्याला एक सुई दिली की फोडणारा घटक जखडून राहतो आणि ती इतर मुलींसारखी शाळेत जाते, पोहते, आईशी वाद घालते. सुई चुकली की तो घटक मोकळा सुटतो. बोट आली त्याच्या दहा दिवस आधी तिला ताप भरला. तापात हा आजार उसळतो. तिची लघवी काळी झाली, शुद्ध हरपू लागली. आम्ही तिला होडीने मुख्य बेटावरच्या रुग्णालयात नेलं. एक सोडून होत्या नव्हत्या तेवढ्या कुप्या लागल्या, तेव्हा कुठे ती सावरली.

त्याच दिवशी माझ्या बायकोने, मालिनीने, गणपतीपुढे नवस केला. पोर स्वतःच्या पायांनी घरी येईपर्यंत जिभेवर गोड ठेवणार नाही, घरात तळण आणि मासळी आणणार नाही, अंगाला नवं कापड लावणार नाही. शेजारी सोनाबाय उभी होती. ती म्हणाली, ‘माझोय तोच.’ संध्याकाळपर्यंत वाडीतल्या एकेचाळीस घरांनी तोच नवस घेतला. ऊस तोडायला कोकणातून आणलेल्या मजुरांची ही वाडी. आमचे खापरपणजोबा येताना जे थोडं घेऊन आले त्यातली ही रीत. एकाचं दुखणं हाताबाहेर गेलं की सगळ्यांनी सोडायचं. पण असं क्वचित होतं. याआधीचा असा नवस बावीस वर्षांपूर्वीचा, म्हणजे तांतीन यायच्या कितीतरी आधीचा. मला नवसाबिवसांचा तिटकारा आहे. तरी त्या दिवशी एकेचाळीस घरांतला चहा बिनसाखरेचा झाला तेव्हा मीही तोच प्यायलो, हे कबूल करतो.

तांतीनला नवस माहीत नव्हता. सुतक माहीत होतं. तिने आमच्या वाडीत अकरा मृत्यू पाहिले होते, आणि अकराही वेळा सगळ्या वाडीने एका दिवसात गोड, तळण, मासळी, नवे कपडे सोडले होते. दर वेळी कुठल्यातरी एका घरातल्या एका माणसाचा फोन त्या दिवसापासून मुका झाला होता. केशिनीचा फोन मुका होता. रुग्णालय तांतीनला औषधांच्या चिठ्ठ्या तेवढ्या दाखवतं, रुग्ण कसा आहे ते दाखवत नाही. लोकांच्या खाजगी गोष्टी जपायचा हा कायदा कुणी सुचवला असेल? मीच. बघाल तिथे मीच. बोट भरली गेली तो नवसाचा तिसरा दिवस होता, आणि तांतीनला तेवढे पुरले.

मी कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीचा आवाज फार हळुवार होता.

‘तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत, सर.’

‘अहो, ती जिवंत आहे!’

‘समजू शकते, सर. सुरुवातीला बऱ्याच कुटुंबांना असं वाटतं.’

मी ओरडलो. मग माफी मागितली. मग पुन्हा ओरडलो. तिने न चिडता सांगितलं, की निबंधकाच्या सहीचा हयातीचा दाखला पाठवा, त्याची तपासणी एकवीस दिवसांत होईल.

‘एकवीस दिवसांत ती मरेल,’ मी म्हणालो.

ती आवाज खाली आणून म्हणाली, ‘सर, माणसांच्या अर्जाला वेळ लागतो. पण यंत्राला स्वतःला पटलं की चूक झाली, तर ते त्याच तासाला दुरुस्त करतं. मग जलद नावही सोडतं.’ जलद नाव म्हणजे बिनमाणसांची छोटी होडी. ती पाच दिवसांत पोचते.

‘त्याला पटवायचं कसं?’

‘ते आम्हालाही सांगता येत नाही, सर,’ ती म्हणाली. मला ती खरं बोलतेय असं वाटलं.

आमचे आरोग्यमंत्री माझ्या वर्गातले. त्यांनी शेजारच्या देशाकडे पाण्यावर उतरणारं विमान मागितलं. वादळाचे दिवस, लाटा उंच, येणार नाही, असं उत्तर आलं. रुग्णालयात डॉक्टर लोरेतने मला बाहेर ओसरीवर नेलं. ती क्रिओल बाई, बोलायला तोडून टाकणारी. ‘शेवटची सुई काल दिली,’ ती म्हणाली. ‘पुढची सहा दिवसांनी. ती चुकली तर रक्त भरून दोन-तीन दिवस ओढीन. त्याच्यापुढचं मला विचारू नकोस.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाडीला देवळासमोर जमवलं. मालिनीही पहिल्या होडीने आली होती. मी उभा राहून सगळं सांगितलं, यंत्र कसं चालतं ते सांगितलं, आणि शेवटी म्हणालो, ‘नवस मोडा. सगळ्यांनी, एकाच दिवशी. गोड करा, तळा, मासे आणा. तांतीनला दिसू दे की इथे कुणी मेलेलं नाही.’

मालिनी पुढे झाली.

‘नवस मोडल्यावर पोरीला काही झालं तर?’

‘नाही मोडला तर होणारच आहे.’

‘हे तुमचं यंत्र म्हणतं. ती शुद्धीवर आली ती कशाने? नवसाच्या रात्रीच आली ना?’

‘कुप्यांनी आली, मालिनी.’

‘तुम्हाला कसं ठाऊक?’ तिचा आवाज चढला. ‘तुम्हाला सगळंच ठाऊक असतं. दुकानं बंद करताना ठाऊक होतं. त्या बुटांचं लिहून पाठवताना ठाऊक होतं. आता देवाला दिलेला शब्द परत घ्या म्हणताय. तोही तुमच्या यंत्राला कळावं म्हणून!’

ती चूक नव्हती. मी मान खाली घालून उभा राहिलो. तेवढ्यात सोनाबाय काठी टेकत पुढे आली. तिला ऐंशी वर्षं झालीत.

‘मालन, गप ऱ्हव गो बाय,’ ती म्हणाली. ‘देव काय माझ्यापेक्षा लहान नाय, पण आमची वळख जुनी आसा. मी त्याका सांगतंय, ह्या पाप सोनाबायच्या डोक्यार घाल. बाकीच्यांनी रांधा.’ मग माझ्याकडे वळली. ‘आणि तू मेल्या, माझा दुकान असता तर चार कुपये खंयतरी पडान गावले असते.’

ते खरं नव्हतं, असलं औषध दुकानात कधीच नव्हतं. पण मला ते लागायचं तसं लागलं.

मालिनी धक्क्याकडे चालू लागली. केशिनीजवळ परत गेली ती.

वाडीला तयारीला तो दिवस गेला. दहा-बारा दिवसांची साठलेली साखर, रवा, गूळ घराघरांत होताच. उरलेलं मी वखारीतून उचललं, प्रत्येक वस्तू नोंदवून. दुसऱ्या दिवशी एकेचाळीस चुली पेटल्या. शिरा, पुरणपोळ्या, नारळाची खीर, वडे. मी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, फेकू नका, खरंच खा, कचऱ्याचा डबा वजन सांगतो. माणसांनी देवळासमोर पंगत मांडली आणि खाल्लं. असली पंगत मी आयुष्यात पाहिली नव्हती. कुणी वाढा म्हणत नव्हतं, कुणी पुरे म्हणत नव्हतं. हरिबाची बायको माझ्यासमोर बसली होती. तिने सहा पोळ्या खाल्ल्या, मग उठून भिंतीला धरून उभी राहिली, आणि परत येऊन सातवी घेतली. एरवी दोन पोळ्या खाणारी बाई. मी तिच्याकडे बघत होतो आणि मला वाटत होतं, की हे काम होणार. एवढं प्रेम यंत्राला दिसलं नाही तर ते यंत्र कसलं?

दुसऱ्या दिवशी सकाळी वखारीच्या पडद्यावर उत्तर आलं होतं.

‘केशिनी विश्राम भिवाजी. खातं कायमचं बंद.’

मला आधी समजेना. मग मी बोटांवर दिवस मोजले. नवस घेतला त्या दिवसापासून मोजले. आदल्या दिवशी तेरावा होता.

तेराव्याला आपल्याकडे काय करतात? सुतक फिटलं म्हणून गोडाचं जेवण घालतात. आम्ही साऱ्या वाडीने मिळून, अगदी दिवस न चुकवता, माझ्या जिवंत मुलीचं तेरावं घातलं होतं. तांतीनला जी थोडीफार शंका उरली असेल तीही आम्ही मिटवून दिली. आणि हे एकाही माणसाच्या ध्यानात आलं नाही, कारण ती जिवंत आहे हे आम्हाला माहीत होतं. जिवंत माणसाचे दिवस कोण मोजतो?

मी वखारीला कुलूप लावलं आणि रुग्णालयात गेलो. वाटेत होडीत मला रडू आलं, तेव्हा होडीवाल्याने तोंड दुसरीकडे फिरवलं. मी मालिनीला सगळं सांगितलं. ती मला बोलेल, निदान ‘सांगितलं होतं’ एवढं तरी म्हणेल, असं वाटलं होतं. खाटेवर केशिनी झोपली होती, ओठ पांढुरके पडलेले. मालिनी तिचे केस विंचरत राहिली. विंचरता विंचरता तिने डॉक्टर लोरेतला विचारलं, ‘नवीन माणसाला हा आजार झाला तर तांतीन काय करते?’

‘पहिली सुई तातडीची असते,’ लोरेत म्हणाली. ‘जलद नाव सोडते. पण इथे नवीन कोण आहे?’

‘मी.’

लोरेतने तिच्याकडे बघितलं. महागाचं औषध नव्याने सुरू करताना रक्त तपासायचं यंत्र तेवढं थेट तांतीनशी जोडलेलं होतं. त्यात लबाडी होऊ नये म्हणून रुग्णाने तळहात काचेवर ठेवायचा, शिरांची नक्षी पटली की मगच रक्त आत घेतलं जाई. केशिनीचा हात लोरेतने आधीच ठेवून पाहिला होता, मी तिचा फोनही चालवून पाहिला होता, पण बंद केलेल्या नावाचं तांतीन काहीच आत घेत नव्हती.

‘हात माझा,’ मालिनी म्हणाली, ‘रक्त तिचं. आमचा गट एकच आहे.’

‘माझा परवाना जाईल.’

‘जाईल,’ मालिनी म्हणाली.

लोरेत खिडकीशी जाऊन उभी राहिली. आम्ही दोघं तिच्या पाठीकडे बघत होतो. मग ती वळली, सुई काढली आणि केशिनीच्या दंडाला पट्टा बांधला. मालिनीने काचेवर हात ठेवला. मी तो वरून दाबून धरला. सात मिनिटांनी पडद्यावर आलं, नवा रुग्ण, मालिनी भिवाजी, जलद नाव रवाना.

ते पाच दिवस मला नीट आठवत नाहीत. तिसऱ्या दिवशी सुईची वेळ आली आणि गेली. चौथ्या दिवशी लघवी पुन्हा काळी झाली. वाडीतली चौदा माणसं रक्त द्यायला ओसरीवर येऊन बसली. सोनाबायही आली, तिला लोरेतने हाकलून दिलं तर ती तिथेच बसून शिव्या देत राहिली. केशिनी मधूनच डोळे उघडायची. एकदा तिने मला विचारलं, ‘बाबा, मी बरी होतेय ना?’ मी हो म्हणालो. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पुन्हा काही विचारलं नाही.

पाचव्या दिवशी दुपारी जलद नाव धक्क्याला लागली. मी पेटी उराशी धरून धावत आलो. लोरेतने झाकण उघडलं. आत दोन कुप्या होत्या.

‘चार पाहिजेत,’ मी म्हणालो. ‘बोट यायला सोळा दिवस आहेत. दर वेळी चार येतात!’

लोरेतने एक कुपी उचलून सुई भरली आणि केशिनीला दिली. हात पुसले आणि मगच बोलली. ‘या दोन सुयांवर ती चौदा दिवस काढेल. उरलेले दोन दिवस मी रक्तावर काढीन. पण त्या बोटीत पुढच्या कुप्या असायला हव्यात. बोट भरतात कधी?’

‘आठ दिवसांनी.’

‘म्हणजे आठ दिवसांनी तांतीन ठरवणार.’

मालिनीने मला विचारलं, ‘दोनच का पाठवल्या?’

मला ते कळलं होतं. सांगायचं नव्हतं. पण तिला खोटं सांगून आता काही उपयोग नव्हता.

‘तांतीनच्या दृष्टीने तुझी मुलगी गेली, मालिनी. तेव्हापासून तू घरी राहत नाहीस. काही आणत नाहीस, काही खात नाहीस. तुझा कचऱ्याचा डबा रिकामा आहे. वाडीने गोड खाल्लं त्या दिवशीही तू खाल्लं नाहीस. आणि त्यात आता हा आजार. अशा बाईला दोनांपेक्षा जास्त सुया लागत नाहीत, असा तिचा अंदाज आहे.’

ती खाटेच्या कडेवर बसली. बराच वेळ केशिनीच्या पावलावर हात ठेवून होती.

‘मग तिला काय दिसायला हवं?’ तिने विचारलं.

‘तुला जगायचंय, हे.’

केशिनीजवळ सोनाबायला बसवून आम्ही संध्याकाळच्या होडीने घरी आलो. मालिनीने सगळे दिवे लावले. खसाखसा तोंड धुतलं, केस बांधले आणि स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसली. ‘फोन घ्या,’ ती म्हणाली. ‘सांगते ते लिहा.’

मी फोन हातात घेतला.

‘हिरव्या बांगड्या, दोन डझन. केसांचा काळा रंग. चालायला चांगले बूट. भोपळ्याचं बी लिहा, भोपळा धरायला चार महिने लागतात ना? लिहा. गणपतीला जाखडी नाचायला घुंगरं.’

‘तू नाचत नाहीस.’

‘यंदा नाचणार आहे. लिहा.’ तिचा आवाज अगदी कोरडा होता. ‘आणि एक पैठणी. मोरांची. लाल नको, हिरवी.’

मी लिहीत गेलो. पोरीच्या उशाशी बसून पंधरा दिवसांत निम्मी झालेली ती बाई हौसेच्या वस्तू आठवून आठवून सांगत होती आणि मी त्या एकेक करून यंत्राला कळवत होतो. माझ्याइतका नालायक नवरा त्या घडीला जगात दुसरा नसेल, असं मला वाटलं.

यादी संपली. मी चुलीवर शिरा केला. तूप, साखर, काजू, बेदाणे, काही कमी केलं नाही. वाटीत वाढून तिच्यासमोर ठेवला. तिने वाटीकडे बघितलं आणि हात मांडीवरच ठेवला. नवस तिचा होता. सोनाबायने दुसऱ्यांचं पाप घेतलं होतं, पण मूळ शब्द देवाला मालिनीने दिला होता, आणि तिची खात्री होती, की पोरीचा श्वास त्याच शब्दावर चाललाय. तिच्या जिभेवर गोड पडलं की मुख्य बेटावर काय होईल, ते तिला त्या क्षणी डोळ्यांपुढे दिसत असणार. मला तिला सांगायचं होतं, की असं काही नसतं. पण मी ज्या ज्या गोष्टी तिला खात्रीने सांगितल्या होत्या, त्यांनीच आम्हाला इथवर आणलं होतं. म्हणून मी पाण्याचं भांडं भरून वाटीशेजारी ठेवलं.

तिने हात जोडले. ‘लागायचं ते मला लागू दे,’ ती म्हणाली. ‘तिला नको.’

मग तिने घास घेतला. तो तोंडात तसाच राहिला. पाण्याच्या घोटाबरोबर तिने तो गिळला. दुसरा घेतला, तिसरा घेतला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, ते ती पुसत नव्हती, खात होती. बोटांनी वाटी निपटून काढली, कडेचा कणसुद्धा ठेवला नाही.

‘गोड झालाय,’ ती म्हणाली, आणि वाटी माझ्यापुढे केली. ‘अजून वाढा.’